हायफाँगची बाई, गंगाखेडची बाई

व्हिएतनामहून परत आल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकतेय. "तिकडं कसं होतं गं? आपल्यापेक्षा पुढं हायेत का मागं?" सोसायटीतल्या मैत्रिणी विचारतात, भाजीवाल्या मावशी विचारतात, परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडला गेलं की सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या झाडून सगळ्या विचारतात. याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, आणि चहा संपेपर्यंत विषय बदललेला असतो. म्हणून एकदाचं लिहून काढतेय.

माझ्या नवऱ्याची कंपनी संभाजीनगरजवळच्या वाळूजची. तिचा एक मोठा ग्राहक व्हिएतनाममधल्या हायफाँगच्या औद्योगिक वसाहतीत आहे. त्या निमित्तानं २०२३ च्या सुरुवातीला आम्ही तिघं तिकडं गेलो. लेक तेव्हा साडेतीन वर्षांची होती. हायफाँग हे उत्तर व्हिएतनामचं मोठं बंदर, हनोईहून मोटारीनं दोनेक तासांवर. तिकडचे लोक त्याला लाल गुलमोहराचं शहर म्हणतात, आणि मे महिन्यात तळ्याकाठची झाडं फुलली की मला गंगाखेडच्या आमच्या शाळेचं आवार आठवायचं. शहराच्या मध्यभागी एका बाईचा भलामोठा पुतळा आहे. ले चान तिचं नाव. इ. स. ४० मध्ये त्रुंग भगिनींनी चिनी सत्तेविरुद्ध उठाव केला, त्यातली ही सेनानी. हायफाँगची मूळ वस्ती तिनंच वसवली असं तिकडं मानतात. शहरातल्या बागांमधून रोज संध्याकाळी बायका स्पीकर लावून व्यायाम करतात. कुणी साठीच्या, कुणी नुकत्याच कामावरून आलेल्या, कुणाच्या सायकलीला भाजीची पिशवी अडकवलेली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं काहीतरी सण असेल. नव्हता.

आता पुढं-मागंचं बोलू. आकड्यांत व्हिएतनाम पुढं आहे, यात वाद नाही. १९९० च्या आसपास तो देश आपल्यापेक्षाही गरीब होता. युद्ध १९७५ ला संपलं, त्यानंतरची दहा वर्षं उपासमारीत गेली. मग १९८६ ला त्यांनी 'दोई मोई' म्हणून आर्थिक सुधारणा सुरू केल्या, आणि १९८८ पासून सामुदायिक शेतीतली जमीन कुटुंबांना कसायला दिली. आज त्यांचं दरडोई उत्पन्न आपल्या दीडपटीहून जास्त आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या मानव विकास अहवालात व्हिएतनाम ९३ व्या क्रमांकावर आहे, भारत १३० व्या. पण क्रमांकावरून कुणाचा दिवस कसा जातो ते कळत नाही. हायफाँगमध्ये राहून माझं स्वतःचं एक माप तयार झालं. देश कितीही गरीब किंवा श्रीमंत असो, तिथल्या साध्या कमावत्या घरातल्या बाईची सकाळ कशी जाते, ते मी बघते. बाकी सगळं मला त्यातून कळतं.

आमच्या मजल्यावर एक ताई राहायची. मोबाइलचे भाग जोडणाऱ्या एका कारखान्यात लाइन लीडर. नवरा बंदरावर क्रेन चालवायचा, पोरगा आमच्या लेकीच्या वयाचा. तिची माझी दोस्ती झाली ती पोरांमुळे, आणि मग फोनवरच्या भाषांतराच्या ॲपमुळे. ती सकाळी पावणेसहाला उठायची आणि पावणेसातला घराबाहेर पडायची. या एका तासात ती स्वयंपाकघरात जायचीच नाही. हे मला कितीतरी दिवस खरंच वाटेना. नाश्ता गल्लीत. कोपऱ्यावर एक आजी चिकट भात केळीच्या पानात बांधून विकायची, पलीकडे पाव, त्यापलीकडे खेकड्याच्या रश्श्यातल्या तांबड्या शेवया, ज्यासाठी हायफाँग प्रसिद्ध आहे. पंधरा-वीस हजार डाँगमध्ये, म्हणजे आपल्या पन्नास-साठ रुपयांत, एका माणसाचं पोट भरतं. दुपारचं जेवण कारखान्याच्या कँटीनमध्ये, नवऱ्याचं बंदरावरच्या कँटीनमध्ये, पोराचं बालवाडीत. डबा नावाची गोष्टच त्या घरात नव्हती.

ज्यांनी आयुष्यभर पहाटे उठून डबे भरले आहेत त्यांना या वाक्याचं वजन कळेल. माझ्या आईनं तीस-पस्तीस वर्षं भाकरी, भाजी, ठेचा, वडिलांचा डबा, आमचे डबे, आजोबांची वेगळी कमी तिखटाची भाजी, हे सगळं साडेसातच्या आत केलं. तिची सकाळ कधी तिची नव्हतीच.

बालवाडीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मला वाटतं सगळी मेख तिथेच आहे. आमच्या इमारतीसमोर सरकारी बालवाडी होती. लेकीला आम्ही शेजारच्या गल्लीतल्या खासगी बालवाडीत घातलं होतं, पण दोन्हींचं वेळापत्रक सारखंच. सात-सव्वासातला फाटक उघडायचं. आया स्कूटरवरून यायच्या, पोराचं छोटं हेल्मेट काढायच्या, बाईंच्या हवाली करायच्या आणि तशाच पुढं कामावर. फाटकाशेजारी फळ्यावर त्या दिवसाचं जेवण लिहिलेलं असायचं: भात, मांस किंवा अंडं, पालेभाजीचं पातळ सूप, चारच्या सुमाराला दूध नाहीतर केळं. आम्ही माळकरी, म्हणून बाईंनी लेकीसाठी टोफूची सोय केली आणि त्याचं त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. तिकडं चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला बरीच माणसं शाकाहारच करतात, त्यामुळे ही भानगड त्यांना ठाऊक होती. जेवणं झाली की टेबलं भिंतीला लावायची, पडदे ओढायचे, चटया अंथरायच्या आणि सगळी पोरं रांगेत झोपवायची. दीड-दोन तास सगळं चिडीचूप. संध्याकाळी साडेचार-पाचला पोर न्यायचं. प्राथमिक शाळांतही बऱ्याच ठिकाणी असंच दिवसभर ठेवतात, जेवण आणि झोप धरून.

म्हणजे बघा, गल्लीनं नाश्ता घेतला, कारखान्यानं जेवण घेतलं, सरकारनं पोर सांभाळलं. बाईची सकाळ आणि दुपार अशी तिघांनी वाटून घेतली. मग ती कामावर जाऊ शकते, यात नवल ते काय? उत्तर व्हिएतनामातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत बायकाच जास्त. पाळी सुटली की रस्ताभर स्कूटरींवर बायकाच दिसतात, तोंडाला फडकं, अंगावर उन्हाचं जॅकेट, डोक्यावर हेल्मेट. २००७ च्या डिसेंबरपासून तिथे हेल्मेट सक्तीचं आहे आणि लोक ते खरोखरच घालतात. रात्री दहा-साडेदहाला दुसरी पाळी संपायची तेव्हाही पोरी एकट्या घरी यायच्या. आम्ही गॅलरीत उभे असलो की हे म्हणायचे, आपल्याकडं वाळूजला या वेळी एक पोरगी रस्त्यावर दिसली तर चार जण थांबतील.

त्यांचा कामगार कायदाही मला त्या ताईनंच समजावून सांगितला. मासिक पाळीच्या दिवसांत बाईला रोज अर्धा तास विश्रांती, महिन्याला किमान तीन दिवस. मूल वर्षाचं होईपर्यंत रोज एक तास सूट, पगार न कापता. तिचा पोरगा लहान होता तेव्हा ती तो तास शेवटी घ्यायची आणि इतरांच्या आधी घरी यायची. बाळंतपणाची रजा सहा महिने. आपल्याकडंही २०१७ पासून २६ आठवडे आहेच की. कायद्याच्या कागदात आपण फारसे मागं नाही.

मात्र मी तिकडचं गोडगोडच सांगत बसले तर ते खोटं होईल. त्या ताईच्या लाइनवरच्या कितीतरी पोरी डोंगराळ जिल्ह्यांतून आलेल्या. त्यांची पोरं गावी आजी-आजोबांकडं. त्या भाड्याच्या एकेका खोलीत दोघी-तिघी राहायच्या आणि लेकराला फोनवर बघायच्या. जुलै २०२४ मध्ये तिथल्या सगळ्यांत जास्त वेतनाच्या विभागातलं किमान वेतन महिन्याला ४९ लाख ६० हजार डाँग होतं, म्हणजे आपले साधारण साडेसोळा हजार. तेवढ्यात भागायचं नाही, म्हणून ओव्हरटाइम. आठवड्याला सहा दिवस काम. संध्याकाळचा स्वयंपाक, भांडी, कपडे हे सगळं तिकडंही बाईच्याच वाट्याला. आणि मुलगाच हवा हा हट्ट तिकडंही आहे. पूर्वजांची पूजा मुलानं करायची, म्हणून. तिकडं १०० मुलींमागं १११-११२ मुलगे जन्मतात. आपल्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं फक्त ८०७ मुली होत्या. या बाबतीत कुणीच कुणाला शिकवायला जाऊ नये.

दुसरी गोष्ट बोलण्याची. तिथे पक्ष एकच. कामगार संघटना एकच, तीही त्या पक्षाच्याच छत्राखालची. ताईला कारखान्यातल्या एका गोष्टीचा राग होता, आणि ती मला तो आमच्या घरात, दार लावून सांगायची. मला आमच्या गंगाखेडच्या बायका आठवायच्या. विमा मिळाला नाही की तहसीलवर मोर्चा, पाणी आलं नाही की रिकाम्या घागरी घेऊन नगरपालिकेत. आपल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा बायकांना आहेत. कित्येक ठिकाणी नवराच कारभार बघतो हे मला माहीत आहे. तरी बाई खुर्चीवर बसली, तिनं सही केली, उद्या ती स्वतः बोलेल. हे मला फार मोलाचं वाटतं. दार उघडं ठेवून भांडता येणं हे जगण्याच्या दर्जातच मोजलं पाहिजे, आणि यात आपण पुढं आहोत.

पण मोर्चा नेऊनही घागर रिकामीच राहते, त्याचं काय? संभाजीनगरपासून जायकवाडी पन्नासेक किलोमीटरवर. एवढं मोठं धरण उशाला असून आमच्या भागात नळाला पाणी आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी येतं. पाणी यायच्या दिवशी आमच्या कामवाल्या मावशी येत नाहीत. त्यांच्याकडं रात्री दोनला येतं, कधी दुपारी, आणि घरात कुणीतरी थांबावंच लागतं. ते कुणीतरी म्हणजे कोण, हे सांगायला नको. हायफाँगचं नळाचं पाणी थेट प्यायच्या लायकीचं नव्हतं, उकळून नाहीतर जारचं प्यावं लागायचं. पण ते यायचं. रोज, चोवीस तास. तोटी उघडली की पाणी, एवढ्यानं बाईच्या आठवड्यातले किती तास वाचतात ते मोजायला कुठला अहवाल लागत नाही.

आता माझ्या वर्गमैत्रिणीबद्दल. आम्ही दहावीपर्यंत एका बाकावर. गणितात ती माझ्यापेक्षा हुशार होती. दहावीच्या सुट्टीत तिचं लग्न झालं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४८ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. राज्याचं प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास. आम्ही दोघी त्याच्या कितीतरी आधीच्या. तेव्हाची स्थिती काय असेल याचा अंदाज तुम्हीच करा. तिचा नवरा ऊसतोडीला जायचा, मग ही पण जायला लागली. एकट्यानं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, थोडी मिळते, जोडीनं जास्त. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशेब असतो.

दिवाळीत मी गंगाखेडला गेले, तेव्हा ती निघायच्या तयारीत होती. ट्रॉलीत भांडी, पीठ, पत्रा, शेळी. मी तिला हायफाँगच्या ताईची सकाळ सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग स्वतःची सांगितली. फडावर पहाटे तीनला उठायचं. चुलीवर भाकरी थापायच्या, दोन्ही वेळच्या. अंधारातच फडात जायचं. नवऱ्यानं ऊस तोडायचा, हिनं पाचट काढून मोळ्या बांधायच्या, आणि गाडी आली की मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं. गाडी रात्री आली तर रात्री. धाकटं पोर बांधावर झोळीत. मी विचारलं, "आन पाळी आली की गं?" ती म्हणाली, "आली तर आली. खाडा कोण भरणार, बाई?" खाडा म्हणजे एक दिवस बसलं की मुकादम कापतो ते पैसे. तिच्या थोरल्या जावेची पिशवी तिशीतच काढलीय. हे काही एकीदुकीचं नाही. २०१९ मध्ये सरकारनं नेमलेल्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली.

म्हणून मला नुसते आकडे नको वाटतात. आपल्याकडं २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत १५ वर्षांवरच्या बायकांपैकी ४१.७ टक्के कामात किंवा कामाच्या शोधात होत्या. व्हिएतनाममध्ये हेच प्रमाण साठ टक्क्यांच्या वर आहे. पण माझी मैत्रीण त्या ४१.७ मध्येच आहे. तीही कामावर, हायफाँगची ताईही कामावर. एकीला कामाच्या मधोमध अर्धा तास टेकायला मिळतो, दुसरीला आजारपणाचा दंड बसतो. एकीचं पोर पडदा ओढलेल्या खोलीत झोपतं, दुसरीचं उसाच्या बांधावर, जिथे साप निघतो, ट्रॅक्टर वळतो.

जमिनीचंही थोडं सांगते. व्हिएतनाममध्ये जमीन देशाची, कुटुंबाला फक्त वापराचा हक्क. त्याचं लाल पुठ्ठ्याचं पुस्तक मिळतं. त्यावर नवरा-बायको दोघांची नावं घालायचा नियम आहे. ताईनं मला तिचं दाखवलं होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. आपल्याकडं शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, हजारो शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावानं जमीन केली होती. माझ्या माहेरी आजोबांनी आजीच्या नावानं दोन एकर केली, ती त्याच वाऱ्यात. नंतर तो वारा पडला. आज नवऱ्यानं आत्महत्या केली की त्याच्या बायकोला वारसनोंदीसाठी तलाठ्याकडं खेपा घालाव्या लागतात आणि दीर-सासरे सहीला तयार नसतात. आधीपासून सातबाऱ्यावर तिचं नाव असतं तर ही वेळ आली नसती.

मला कुणी म्हणेल, व्हिएतनामसारखा देश चालवायचा तर तसंच राज्य पाहिजे. मला हे पटत नाही. दिवसभराची बालवाडी चालवायला एकपक्षीय राजवट लागत नाही. आमच्या मराठवाड्यात अंगणवाडीचं जाळं गावोगाव आहे, ताई आहेत, मदतनीस आहेत, खिचडी शिजते. फक्त ती काही तासांत बंद होते. मग पोराला कुठं ठेवायचं, या प्रश्नावर बाईची नोकरी अडते. ऊसतोड कामगारांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, संत भगवानबाबांच्या नावानं सरकारी वसतिगृहांची योजनाही आहे, पण झोळीतल्या पोराला वसतिगृह काय कामाचं? त्याला फडाजवळ सावलीची, पाण्याची आणि सांभाळणाऱ्या बाईची गरज आहे. साखर कारखान्यानं ऊस, मळी, बगॅस सगळ्याचा हिशेब ठेवायचा आणि बांधावरच्या पोराचा नाही, हे मला आता सहन होत नाही.

कायदा इथेही आहे. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीपासून ५० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचं आहे. वाळूजमधल्या एका शेडमध्ये मी परवा यांच्याबरोबर गेले होते. तिथल्या साहेबांना विचारलं, तुमच्याकडं बायका इतक्या कमी का? ते म्हणाले, "वहिनी, जाहिरात देतो, येतच नाहीत." पाळणाघर कुठंय म्हटल्यावर त्यांनी मला एक बंद खोली दाखवली, आत खोके रचलेले. आता बिडकीनला टोयोटाचा मोठा प्रकल्प येणार आहे, त्याच्यामागं सुटे भाग बनवणाऱ्या कितीतरी कंपन्या येतील. रस्ते, वीज, पाणी यांच्याबद्दल रोज पेपरात येतं. त्या वसाहतीत दिवसभराच्या बालवाड्या किती असणार, कँटीन सगळ्यांसाठी असणार का, रात्रपाळीच्या बसचा शेवटचा थांबा कुठं असणार, हे कुणीच विचारत नाही. आम्ही सोसायटीतल्या सात-आठ जणींनी मिळून तसं पत्र तयार केलंय. भजनी मंडळातल्या बायकांनी गंगाखेडहून त्यावर सह्या करून पाठवल्यात. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, कुठंही काम करणाऱ्या मैत्रिणींनो, तुमच्या कंपनीत पाळणाघर चालू आहे की नुसती खोली आहे, तेवढं मला कळवा. पत्रात नाव तुमचं घालणार नाही, ठिकाण घालीन.